तिच्या खुर्चीजवळची तीन भोकं

४ जानेवारी

लेकीने ही वही पाठवली आहे. कापडी पुठ्ठा, आत रेशमी फीत. "बाबा, सगळं डोक्यात घोळवत बसता, ते कागदावर उतरवत जा, बरं वाटेल," असं फोनवर म्हणाली. मला काही झालेलं नाही, त्यामुळे बरं वाटायचा प्रश्न येत नाही. पण चांगली वही कोरी ठेवणं जिवावर येतं. कामाची नोंद ठेवीन.

वही ही नुसती प्रस्तावना होती. खरं बोलणं पुढे आलं. आमचं घर आणि खालचं वर्कशॉप मिळून घ्यायला तिला कुणीतरी गिऱ्हाईक सापडलंय. आम्ही दोघांनी सामान बांधायचं आणि तिच्याकडे सातव्या मजल्यावर राहायला जायचं. कारणं तिने पाठ केल्यासारखी सांगितली. जिना उभा, घर जुनं, टेबलाला किडीची भोकं, कपाटातली गाठ निखळलेली, कठडा चिरलेला. "लोकांचं फर्निचर दुरुस्त करण्यात जन्म गेला तुमचा आणि स्वतःच्या घरात एक वस्तू धड नाही!" फेब्रुवारीत जावयांना घेऊन येणार आहे, तेव्हा काय ते ठरवू म्हणाली.

हे मात्र लागलं. मी लाकडातले दोष भरणारा माणूस. किडीची भोकं, पडलेल्या गाठी, भेगा, राळेचे खड्डे, काय वाट्टेल ते लोक टेम्पोत घालून माझ्याकडे आणतात. काम झाल्यावर मी म्हणतो, आता जागा दाखवा. अजून कुणाला दाखवता आलेली नाही. आणि पोटची लेक मला भोकं मोजून दाखवते.

तेव्हा ठरलं. ती यायच्या आत घरातल्या लाकडात एक दोष ठेवायचा नाही. मग बघू घर जुनं झालं असं कोण म्हणतं ते.

हिला सांगितलं. मला वाटलं खूश होईल, कारण लग्न झाल्यापासून घरच्या दुरुस्त्यांसाठी हीच माझ्या मागे लागलेली असायची. तर म्हणाली, "राहू द्या ना. भोकं काय चावतात?"

"तुला जायचंय का सातव्या मजल्यावर?"

"नाही हो. अजिबात नाही."

"मग झालं तर."



८ जानेवारी

जेवणाच्या टेबलापासून सुरुवात. टेबल माझ्या वडिलांनी केलेलं, लाकूड साधंच. किडीने पोखरून कितीतरी वर्षं झाली. भोकं मुगाच्या दाण्याएवढी, काही पिनेच्या टोकाएवढी. खाली कागद पसरून टेबल ठोकून पाहिलं, पीठ पडलं नाही. म्हणजे किडा केव्हाच निघून गेलेला. भोकं पंपाने साफ केली, चपड्याच्या लाखेत त्याच लाकडाचा बारीक भुसा कालवून भरली. भुसा कालवला की रंग गडद होतो, म्हणून तो एक छटा फिका घ्यायचा. आणि भोकाच्या वर थोडं फुगीर भरायचं, कारण वाळताना ते खाली बसतं. हे शिकायला मला चार वर्षं लागली होती, इथे चार ओळींत लिहून टाकलं.

एक गोष्ट जरा विचित्र. हिच्या खुर्चीसमोर, टेबलाच्या कडेला तीन भोकं जवळजवळ आहेत. त्यांच्या कडा गोल, गुळगुळीत आणि काळपट तेलकट झालेल्या. किडा अशी पॉलिश करून जात नाही. भरलेलं धरेना, दोनदा निघून आलं. शेवटी स्पिरिटने घासघासून तेल काढलं तेव्हा बसलं. माझ्या खुर्चीसमोरही तसंच एक, जिथे ती माझा चहाचा कप ठेवते तिथे. स्वयंपाकघरातून टेबल जवळ, तेलाचे हात लागत असणार.

ही सारखी आसपास घुटमळत होती. "अहो, माझ्या खुर्चीजवळचं तेवढं राहू द्या. कुणाला दिसतंय?"

"मला दिसतं," मी म्हटलं. "माझ्या डोळ्यातून पिनेचं भोक सुटत नाही."

"हो," म्हणाली. "ते आहेच."

११ जानेवारी

टेबल झालं. पॉलिश असं चढलंय की आरसा झक मारेल. संध्याकाळी खिडकीतून ऊन आडवं आलं तरी एक जागा दिसत नाही. मला स्वतःला सापडत नाही, तिथे लेकीची काय टाप लागून गेलीय.

उद्घाटनालाच अपशकुन. हिने माझा चहा आणला तो अर्धा टेबलावर, अर्धा हवेत ठेवला. कप खाली, चहा माझ्या पायावर. मी ओरडलो. "लक्ष कुठे असतं तुझं?"

"फार गुळगुळीत झालंय हो," म्हणाली. "घसरला."

टेबलाला नावं ठेवायची तिची ही पद्धत. मूळ विरोध होता ना. मी दुर्लक्ष केलं.

बाकी स्वभाव मवाळ होत चाललाय तिचा. हल्ली रोज मला पेपर मोठ्याने वाचायला लावते. पूर्वी मी उठायच्या आत पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत स्वतः वाचून, वर शब्दकोडं सोडवून मोकळी व्हायची. आता म्हणते, तुमचा आवाज ऐकत बसायला बरं वाटतं. चाळीस वर्षांनी का होईना, कळलं म्हणायचं.

१७ जानेवारी

स्वयंपाकघरातलं कपाट. मधल्या कप्प्याच्या फळीतली गाठ निखळून पडलेली, रुपयाएवढा खड्डा. असा खड्डा लांबीने, म्हणजे पुट्टीने, भरणं हे आळशी माणसाचं काम. मी पत्त्यातल्या चौकटच्या आकाराचा तुकडा कापला, रेषेला रेष जुळवली, सरस लावून बसवला, वरून रंधा. बाजूच्या दोन चिराही भरल्या.

रविवारी एक गिऱ्हाईक आलं होतं, आजीचा पेटारा घेऊन. हिने वरून चहा आणला. तो सद्गृहस्थ एक घोट घेऊन माझ्याकडे बघत राहिला. मी घोट घेतला. चहात मीठ! चमचाभर नाही, चांगलं दोन चमचे. मी म्हटलं, आमच्याकडे पाहुण्यांचं असंच स्वागत होतं. तो बिचारा हसला.

ही मात्र हसली नाही. वर गेल्यावर बघतो तर डबे एकेक उघडून वास घेत होती आणि परत लावत होती. "तुम्ही डबे हलवलेत का?" मी एकही डबा इकडचा तिकडे केला नव्हता. फळी बसवून होते तिथेच ठेवले होते, तसं सांगितलं.

"गाठीच्या डावीकडे मीठ, उजवीकडे साखर," ती म्हणाली.

"आता गाठच नाही," मी म्हटलं. कौतुक करेल या आशेने.

२१ जानेवारी

शेजारी शिवणकाम करणाऱ्या बाई आहेत, त्यांना सगळी गल्ली मावशी म्हणते. हिची जिवाभावाची मैत्रीण. आज वर्कशॉपच्या दारात उभं राहून त्यांनी मला बौद्धिक दिलं. "भाऊ, कशाला एवढं सगळं गुळगुळीत करत सुटलाय? माणसाला हाताला काहीतरी लागायला हवं."

मी म्हटलं, मावशी, तुमच्या शिवणीत मी नाक खुपसतो का? तशा परत फिरल्या. पण बघण्याची तऱ्हा काही ठीक नव्हती. मी हिला छळतोय असं त्यांना वाटत असावं.

दोघी दर बुधवारी बाजारात जातात. पिशवी रिकामी घेऊन जातात आणि बहुतेक वेळा रिकामीच परत आणतात. बायकांचा बाजार मला कधी कळलेला नाही. गेल्या बुधवारी ही काळा चष्मा लावून परत आली. "उन्हाचा त्रास होतो," म्हणे. आभाळ भरून आलं होतं. या वयात फॅशन सुचतेय, सुचू दे.

२६ जानेवारी

जेवताना ही एकदम हात वर करून म्हणाली, "शू. ऐका." मी ऐकलं. काही नाही. "टेबलात काहीतरी कुरतडतंय."

मी सांगितलं की टेबल मी स्वतः तपासलंय, ठोकलंय, किडा मेलाय किंवा गेलाय. "बरं," म्हणाली, आणि कान टेबलाकडेच ठेवून जेवली. माझ्या कामावर असा अविश्वास घरातच असेल तर बाहेर काय बोलायचं.

३० जानेवारी

लिहायला लाज वाटते, पण नोंद म्हणजे नोंद. टेबलाच्या पायाशी पिवळसर पिठाची ढिगुळी. ताजं पीठ. आणि वर, हिच्या खुर्चीसमोर, मी भरलेल्या जागेच्या शेजारी, एक कोरं करकरीत नवीन भोक. किडा आत होता आणि मी त्याला कोंडून वर पॉलिश मारलं. नवशिक्याची चूक. दुसऱ्या कुणी केली असती तर मी त्याची सालं काढली असती.

सुईने औषध सोडलं. चार दिवस थांबून भरणार. हिचा हात त्या भोकावर होता. "हे एक तरी राहू द्या ना."

"किडा लागलेलं टेबल लेकीला दाखवू?"

तिने हात काढून घेतला. चेहरा एवढासा झाला. माझं चुकलं असेल, पण कुठे ते कळेना. एवढं मात्र खरं, मला ऐकू आलं नाही ते हिला आलं. कान एवढे तिखट केव्हा झाले देव जाणे. परवा आंघोळ करून, नवीन सदरा घालून खोलीत आलो तर दचकली. म्हणाली, "तुमचा पॉलिशचा वास नाही आला आज."

३ फेब्रुवारी

जिन्याचा कठडा पूर्ण. शेवटी ठेवला होता, कारण सगळ्यात नाजूक काम तेच. वरपासून खालपर्यंत एक लांब चीर आणि खालच्या टोकाला, शेवटच्या पायरीच्या जरा आधी, बोट जाईल एवढी खाच. लाकूड मुळातच तिथे दुबळं होतं, कधीतरी कपची उडाली असणार. चिरेत पातळ पाचरी बसवल्या. खाचेत तुकडा. रेषा अशी जुळली की मलाच माझा हेवा वाटला. खाचेच्या आतही तसलाच तेलकट काळेपणा होता. पुन्हा स्पिरिट.

पेटाऱ्यावाले गृहस्थ आज पेटारा न्यायला आले. त्यांना कठड्यावरून हात फिरवायला लावला. "खाच होती म्हणता? कुठे?" मी म्हटलं, शोधा. नाही सापडली. (चहा नको म्हणाले.)

घरातलं काम संपलं. लेकीने आता भिंग घेऊन यावं.

६ फेब्रुवारी

ही जिन्यावरून पडली.

चार वाजता चहाची किटली घेऊन खाली येत होती, रोजच्यासारखी. मी रंध्यावर होतो. आवाज आला. शेवटची पायरी संपली असं समजून तिने पाय टाकला, तर अजून एक होती. उजवं मनगट मोडलं. किटलीचं झाकण घट्ट होतं म्हणून भाजलं नाही.

दवाखान्यात प्लास्टर घातलं. डॉक्टरांनी विचारलं, चक्कर आली का. नाही म्हणाली, पाय घसरला. त्यांनी आणखी काहीतरी विचारायला तोंड उघडलं तर हिने माझ्याकडे मान वळवली आणि म्हणाली, "यांना बाहेर बसू द्या ना, यांना दवाखान्याचा वास सहन होत नाही." खरंच होत नाही. मी बाहेर बसलो.

लेकीचा फोन. मावशींनी कळवलं असणार. रडत होती आणि ओरडतही होती. "आता एक शब्द ऐकणार नाही. चौदा तारखेला येते. गिऱ्हाइकाला हो सांगते." मी म्हटलं, जिना दुरुस्त केलाय गं, कठडा बघ येऊन. ती म्हणाली, "बाबा, कठड्याचं काय घेऊन बसलात!"

८ फेब्रुवारी

जिना तपासला. पायऱ्यांची उंची सगळीकडे सारखी. कुठे ओल नाही, पॉलिशचा ओघळ नाही. याच जिन्यावरून ती चाळीस वर्षं किटली घेऊन उतरतेय. एक दिवस पडली नाही.

स्वयंपाक मी करतोय. भात ठीक जमतो, भाजीला चव येत नाही. ही टेबलाशी बसून असते आणि डावा हात कडेवरून फिरवत राहते. पुढे, मागे, पुन्हा पुढे. पहिल्यांदा वाटलं माझं काम निरखतेय. मनातून बरं वाटलं, खोटं कशाला लिहू.

९ फेब्रुवारी

किड्याचं औषध लागू पडलं का ते बघायचं होतं. नवीन पीठ आहे का हे बघायला माझी एक पद्धत आहे. खिडक्या लावून घ्यायच्या आणि बॅटरी लाकडाला लागून आडवी धरायची. उजेड असा घसटून गेला की केसाएवढा उंचसखलपणा उठून दिसतो. दुपारी ही आत झोपली होती. खिडक्या लावल्या, बॅटरी धरली.

पीठ नव्हतं. पण पॉलिशवर बोटांचे डाग होते. सगळीकडे नाही. हिच्या खुर्चीसमोर एक पट्टा, सगळा धुरकट झालेला, आणि त्यातही जिथे ती तीन भोकं होती, साधारण तिथे, सगळ्यात जास्त. माझ्या कपाच्या जागेभोवती तसंच.

मग मी बॅटरी घेऊन घरभर फिरलो. कपाटाच्या मधल्या फळीवर, जिथे गाठ होती तिथे. मोरीच्या दाराच्या चौकटीवर, जिथे एक टवका उडाला होता आणि मी जानेवारीत सहज जाता जाता भरून टाकला होता, त्याची नोंदसुद्धा केली नाही. तिथे. बिछान्यापासून दारापर्यंतच्या भिंतीवरच्या लाकडी पट्टीवर, एकाच उंचीला, सलग. आणि कठड्याच्या खालच्या टोकाला डागांवर डाग. मी जिथे जिथे दोष भरला होता, तिथे तिथे कुणीतरी तो शोधत होतं.

मी जिन्यातच बसलो. 

उठून आंघोळ केली. साबण लावून दोनदा. धुतलेला सदरा घातला. खिडक्या उघडल्या, लख्ख ऊन आत आलं. ही उठून टेबलाशी येऊन बसली होती. मी तिच्यासमोर, दोन हातांवर, उजेडात उभा राहिलो. काही बोललो नाही. ती माझ्याकडे बघत होती. सरळ माझ्या तोंडाकडे.

"कोण आहे?" ती म्हणाली. आणि जरा थांबून, घाबरून, "कोण?"

"मी आहे," मी म्हटलं. "मीच आहे गं."

१० फेब्रुवारी

काल पुढचं लिहिता आलं नाही.

तीन वर्षं झाली. डोळ्यामागची नस सुकत चाललीय, परत येत नाही, आहे ते टिकवायला थेंब घालायचे. बुधवारचा बाजार म्हणजे डोळ्यांचा दवाखाना. उजेड कळतो, माणूस उभा आहे एवढं कळतं, कोण ते कळत नाही. मावशींना पहिल्यापासून माहीत. मला सोडून सगळ्या लाकडाला माहीत.

मी चिडलो. मला खरं तर रडायला येत होतं, पण मी चिडलो. "मला का नाही सांगितलंस?"

"तुम्हाला सांगितलं असतं तर लेकीला कळलं असतं. तुमच्या पोटात काही राहतं का? मग घर गेलं असतं. सातव्या मजल्यावर तुम्ही काय करणार होतात? वर्षभरात आटोपला असतात."

"म्हणून तू आंधळेपणाने किटल्या घेऊन उतरत होतीस?"

"पडले नव्हते ना कधी," ती म्हणाली. "तुम्ही कठडा नीट करेपर्यंत."

हे तिने टोमणा म्हणून म्हटलं नाही. नुसतं सांगितलं.

मग म्हणाली, "खरं सांगू? पहिल्या वर्षी मला वाटायचं, यांना पिनेचं भोक दिसतं, आज ना उद्या मी पण दिसेन. भीतीही वाटायची आणि वाटही बघायचे. मग वाट बघणं सोडून दिलं."

  मी तिचा डावा हात धरून बसलो, आणि भात लागला.

११ फेब्रुवारी

दोष परत पाडायचे.

गिरमिट, गोल कानस, पॉलिशपेपर घेऊन टेबलाशी बसलो आणि हात थांबला. भोकं कुठे होती? बॅटरीचा पट्टा दीड वीत लांब, त्यात नेमकी जागा कुठली? भिंग लावलं. बॅटरी लावली. आठ दिवसांपूर्वी भरलेलं किड्याचं नवीन भोकसुद्धा सापडेना. कुणालाही सापडणार नाही असं काम केलं होतं, त्या ‘कुणालाही’मध्ये मीही आलो.

शेवटी हिलाच बोलावलं. "नेहमी बसतेस तशी बस. विचार करू नको. हात टाक."

ती बसली. डावा हात सवयीने कडेवर आला, जरासा सरकला, थांबला. मी बोटाच्या टोकाशी पेन्सिलने खूण केली.

"तीन होती," ती म्हणाली. "दोन जवळ आणि एक जरा लांब. लांबचं माझ्या ताटाचं."

पहिलं भोक पाडलं. तिने बोट घालून पाहिलं आणि नाक मुरडलं. "टोचतं. किड्याचं काम तुमच्यापेक्षा सफाईदार होतं हो. कड किती गोल यायची."

"किड्याला कामाला ठेवू का?"

"ठेवला होता की. तुम्ही औषध घालून मारलात."

हसलो दोघंही. किती दिवसांनी, ते आठवत नाही. मग कानशीने कड गोल करत बसलो. तिचं बोट हो म्हणेपर्यंत काम पास नाही. या वयात एवढं कडक गिऱ्हाईक मिळालं.

१३ फेब्रुवारी

टेबल, फळी, मोरीची चौकट झाली. फळीतला माझा चौकटचा तुकडा उकरून काढला, पटाशी मारताना जीव तुटला. गाठीचा खड्डा आता पहिल्यापेक्षा जरा रुंद आहे. आज चहात साखर होती.

कठड्याची खाच शेवटी. हिला पायरीवर उभं केलं, मी खाली हात पसरून. प्लास्टर गळ्यात, डावा हात कठड्यावर, नेहमीच्या उजव्याऐवजी. उतरताना म्हणाली, "इथे. नाही, अजून जरा खाली. हां." तिथे खाच पाडली. गिऱ्हाइकाला दाखवली असती तर हाकलून दिलं असतं मला, इतकी ओबडधोबड.

उद्या लेक येतेय. "तिला सांगायचं नाही," असं ही म्हणेल असं धरून चाललो होतो. म्हणाली, "सांगू या. आता तुम्हालाच कळलंय, मग लपवून काय उपयोग?"

१४ फेब्रुवारी

लेक, जावई सकाळी आले. लेक आल्या आल्या आईच्या गळ्यात पडली, मग टेबलाशी बसली आणि तिचा हात नेमका भोकांवर पडला. "बाबा! हे काय? अजून किडा आहे?"

"ती मी पाडली आहेत," मी म्हटलं.

तिने जावयांकडे पाहिलं. बाबांचं डोकं फिरलं असं तिला वाटलं हे स्पष्ट दिसत होतं. मग हिने सगळं सांगितलं. डोळे, थेंब, बुधवार, कठडा. माझ्या चुका सांगताना जरा कमी करून सांगितल्या. लेक रडली, जावई उठून खिडकीशी गेले. पाणी प्यायल्यावर लेक म्हणाली, "मग तर इथे राहायचा प्रश्नच नाही, आई. आता तर माझ्याकडेच."

हिने हात लांब करून टेबलाची कड धरली. "तुझ्याकडे टेबल काचेचं आहे. कपाटं त्या चकचकीत पत्र्यासारख्या कसल्यातरी फळ्यांची. भिंती गुळगुळीत. मागच्या वेळी आठ दिवस राहिले ना, मोरीत जायला यांचा दंड धरावा लागायचा. तुम्हाला वाटलं, म्हातारा म्हातारीला प्रेम आलंय. तुझ्याकडे मी आंधळी आहे बाळा. इथे नाही."

"मी सगळं करून घेईन, आई."

"तुझ्या काचेला भोकं कोण पाडून देणार?"

 ही उठली. डाव्या हाताने गाठीचा खड्डा चाचपून साखर काढली, चहा टाकला, चार कप एकेक करून टेबलावर आणले, एका हाताने, चार खेपांत. माझा माझ्या भोकाशी ठेवला. कुणी मदतीला उठलं नाही. उठू नका असं मी नजरेने सांगितलं होतं. एक थेंब सांडला नाही.

चहा झाल्यावर लेक दिसेना. बघायला गेलो तर जिन्यात वरच्या पायरीवर डोळे मिटून उभी. डावा हात कठड्यावर. मी हाक मारणार होतो, मारली नाही. ती एकेक पायरी उतरत गेली, पाय चाचपत, ओठ दाबून. लहान असताना अंधाऱ्या जिन्यातून जायला भ्यायची तेव्हा अशीच उतरायची. खाली खाचेत तिचं बोट अडकलं. थांबली. डोळे मिटलेलेच. खूप वेळ तशीच उभी होती.

मग तिने पाय टाकला आणि खालच्या फरशीवर उभी राहिली.

वर आल्यावर नाक पुसत मला म्हणाली, "बाबा, खाच पायरीभर उशिरा येते. हाताला लागेपर्यंत पाय पुढे गेलेला असतो. अजून थोडी वर घ्या." जावई गॅलरीत जाऊन घराच्या गिऱ्हाइकाशी फोनवर बोलले. परत येऊन म्हणाले, "त्यांना नकार कळवला."

दोघं रविवारपर्यंत आहेत. गिरमिटाला धार लावून ठेवली आहे. खाच उद्या सकाळी वर घेतो, ही पायरीवर उभी राहील, लेक खाली.